जाऊबाईंची परेड

होमगार्ड म्हटलं की आता लोकांना चौकात शिट्टी फुंकणारा, उन्हात रापलेला एक माणूस आठवतो. त्याला पोलीस समजून येणारे-जाणारे शिव्या देतात. आमच्या वेळीही शिव्या मिळायच्याच, पण माणसं निराळी होती. आठवडाभर कचेरीत नाहीतर दुकानात बसायचं आणि रविवारी सकाळी खाकी चढवून पोलीस ग्राउंडवर डावा-उजवा करायचा. सण, निवडणूक, पूर, दंगा, काही असलं की बोलावतील तिथे जाऊन उभं राहायचं. ड्यूटी लागली तर थोडा भत्ता मिळे, पण ती नोकरी नव्हे. देश आपला आहे, त्याची थोडी राखण आपणही करावी, एवढीच कल्पना. प्रजासत्ताक माझ्याहून जेमतेम थोडं मोठं, त्यामुळे ही कल्पना आमच्या पिढीला फार काही खुळचट वाटत नसे.

मी त्यात कशी गेले, असं लोक विचारतात. मी गेले नाही हो, मला देऊन टाकलं.

आमचे सासरे, मामंजी, महसूल खात्यातून निवृत्त झालेले. शिक्षण उर्दूत, देवपूजा मराठीत आणि रागवायचं इंग्रजीत. घराणं निजामाच्या काळापासून हैदराबादेत सरकारी नोकरी करत आलेलं, त्यामुळे सरकार म्हणजे आपल्याच घरातलं कुणीतरी, अशी त्यांची समजूत. होमगार्डचे मानद कमांडंट पेशाने दातांचे डॉक्टर होते, कोठी भागात त्यांचा दवाखाना होता. मामंजी कवळी घट्ट करून घ्यायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, बायकांची एक तुकडी काढायची आहे. विसर्जनाच्या गर्दीत, मतदानाच्या रांगेत बायकांना पुरुष हात लावू शकत नाहीत, आणि चांगल्या घरच्या बायका काही येत नाहीत. मामंजींच्या तोंडात कवळीही नव्हती. तशाच बोळक्या तोंडाने ते म्हणाले, "हमारी दोनों बहुएं आएंगी."

जेवताना त्यांनी हे आम्हाला सांगितलं. सांगितलं, विचारलं नाही. शेजारीण चाळणी मागायला आली तर चाळणी द्यावी, तशा आम्ही दोघी दिल्या गेलो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताटावरून उठणार होते, तेवढ्यात थोरल्या जाऊबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "मामंजी, चपला चालतील की बूट घ्यावे लागतील?"

या जाऊबाईंबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी हकीकत त्यांचीच आहे. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. उदगीरकडच्या. मॅट्रिक होताच लग्न करून मलकपेठच्या या घरात आल्या, आणि सासूबाई गेल्यावर घर त्यांच्या हातात आलं. उंचीने ठेंगण्या, आवाजाने दणदणीत. स्वयंपाकघरात त्यांचा शब्द शेवटचा. मी बी.ए. झालेली, कॉलेजात एन.सी.सी. केलेली, पण फोडणीत मोहरी आधी का जिरं आधी, या प्रश्नावर माझं काही चालायचं नाही. घराबाहेर मात्र त्या कधी एकट्या गेलेल्या नव्हत्या. कोठीला कापड घ्यायला जायचं तरी मला नाहीतर मुलीला सोबत घ्यायच्या. लेकीचं लग्न झालं तेव्हापासून सोबत म्हणजे मीच. असली ही बाई नाही म्हणेल, म्हणजे मीही सुटेन, अशी माझी खात्री होती. आणि ही बुटांची चौकशी करते! मी तोंडातला घास तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

एन.सी.सी.मुळे मला तुकडीची कमांडर केलं. बायका जमवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. दुपारच्या वेळी मी आणि जाऊबाई मलकपेठच्या गल्ल्यांतून घरोघर फिरलो. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, पगार किती? पगार नाही म्हटलं की दुसरा प्रश्न, मग फायदा काय? तेव्हा जमानाच तसा पालटत होता. दिलसुखनगरला एकाच इमारतीत चार-चार कॉम्प्युटर क्लास उघडले होते, गच्च्यांवर डिशच्या थाळ्या दिसू लागल्या होत्या, आणि रविवारची परेड सोडून पुरुष होमगार्ड कसला ना कसला कोर्स करायला पळत होते. त्यात आम्ही दोघी दारोदार सांगत फिरतोय, की बाई, फुकट ये आणि उन्हात उभी राहा. एका वकिलीणबाईने तर मला चहा पाजून डोक्यावर परिणाम झालाय का असं सरळ विचारलं. मी काही तिखट बोलणार, तर जाऊबाई म्हणाल्या, "परिणाम झालाय खरा. तुम्ही पण या, बरं वाटतं."

ती वकिलीणबाई आली नाही. पण बाकीच्या आल्या. दोन शाळामास्तरणी, काही तेलुगू घरांतल्या, आमच्या गल्लीतल्या एका घरच्या दोघी जावा, आणि मशिदीमागे शिलाईचं काम करणारी एक तरुण मुलगी, जी माझ्या झंपराचं माप घेताना म्हणाली, "मैं भी आतूं बाजी, मेरेकू भी खाकी पैन्नेका शौक है." अशी तुकडी उभी राहिली.

पहिल्या रविवारी आम्ही खाकी साड्या नेसून, एक वीत वर खोचून, तपकिरी कॅनव्हासचे बूट घालून ग्राउंडवर हजर झालो. शिकवायला जे उस्ताद होते ते राखीव पोलिसांतून निवृत्त झालेले. माणूस बोलायला कमी, कपाळावर आठ्या जास्त. त्यांनी हुकूम दिला, सगळ्यांनी एका ओळीत उभं राहा. आम्ही राहिलो. उस्ताद ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "ये क्या है?" बघते तर बायका वयाप्रमाणे उभ्या! सगळ्यांत मोठ्या आमच्या जाऊबाई पहिल्या, मग मास्तरणी, आणि शेवटी शिलाईवाली. त्या गल्लीतल्या दोघी जावांमध्ये थोरलीच्या अलीकडे धाकटी उभी राहायला तयार नव्हती. उस्तादांनी समजावलं, की परेडमध्ये उंच माणूस उजवीकडे, ठेंगणा डावीकडे, वयाचा संबंध नाही. बायकांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा वयाप्रमाणेच उभ्या राहिल्या. उस्तादांनी टोपी काढली. "अम्मा, ये परेड है, शादी का खाना नहीं है, कि बडों को पहले बिठाना." शेवटी मी जाऊन एकेकीला दंडाला धरून हलवलं. जाऊबाईंना ओढत डाव्या टोकाला नेलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की संध्याकाळी घरी काय होणार ते मला कळून चुकलं.

मला खरी भीती हुकूम देण्याची होती. वयाने एवढ्या मोठ्या जावेला 'सावधान' कसं म्हणायचं? मराठीत म्हणायचं तर 'सावधान व्हा हं जाऊबाई' असं म्हणावं लागलं असतं. पण परेडचे हुकूम हिंदीत, आणि त्या हिंदीत अहो-जाहो नाही. "सावधान! विश्राम! दाहिने मुड!" घसा फोडून ओरडायचं, आणि समोर जाऊबाई मुकाट्याने वळतायत. काय सांगू, पहिल्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी त्यांना चार वेळा उगीचच उजवीकडे वळवलं.

घरी आल्यावर त्यांनी परात पुढ्यात सरकवली. "कमांडरसाहेब, कणीक मळा. सावधान!" आणि स्वतःच पोट धरून हसत सुटल्या. मग ते रोजचंच झालं. मीठ जास्त झालं की "कमांडर, दाहिने मुड, बरणीत बघ." मामंजीसुद्धा मिशीत हसायचे.

पण एक सांगते. ग्राउंडवर नावं पुकारायची पद्धत होती, आणि भरती मॅट्रिकच्या दाखल्यावरून झालेली. त्या दाखल्यावर जाऊबाईंचं माहेरचं नाव. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, त्यामुळे घरात त्यांचं ते नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. मलासुद्धा नाही, इतकी वर्षं एका चुलीवर काढून! पहिल्या हजेरीला उस्तादांनी ते नाव पुकारलं, तर कुणीच बोलेना. पुन्हा पुकारलं. मग डाव्या टोकाकडून "हाजीर!" असा आवाज आला, की शेजारच्या ओळीतले पुरुष दचकून बघायला लागले. घरी जाताना त्या रिक्षातून बाहेरच बघत होत्या. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाल्या, "काही नाही गं. फार वर्षांनी कुणीतरी हाक मारली." मला तेव्हा रडू आलं, आणि रिक्षात रडणं मला आवडत नाही, म्हणून मी रिक्षावाल्याशी भांडण काढलं.

त्या वर्षीच्या विसर्जनाला आमची पहिली मोठी ड्यूटी लागली. कोठीच्या पुढच्या चौकात दोर धरून उभं राहायचं, बायकामुलं रस्त्याच्या आत येऊ द्यायची नाहीत. त्या दिवशी जाऊबाई काय आहेत ते मला कळलं. एका मंडळाची पोरं नाचता नाचता दोरावर आली, अंगाला घामाचा आणि कसला कसला वास. आमच्या मास्तरणींनी दोर सोडला. मीही एक पाऊल मागे आले, खोटं कशाला बोलू. जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. दोर मनगटाला गुंडाळून म्हणाल्या, "क्या रे? मां नहीं है घर में? पीछे हो!" पोरं मागे झाली. इतकंच नाही, त्यातल्या एकाने "सॉरी अम्मा" म्हटलं. संध्याकाळी त्यांच्या मनगटावर दोराचे वळ होते आणि त्या ते वळ आल्यागेल्याला दाखवत होत्या.

असं सगळं बरं चाललेलं असताना हिवाळ्यात दातांच्या डॉक्टरांनी बातमी आणली. सव्वीस जानेवारीला सिकंदराबादच्या मैदानावर राज्यपालांसमोर जी परेड होते, तिच्यात या वेळी बायकांची तुकडी चालणार. आमचीच. नीट चालली तर दरवर्षी बोलावतील. बिघडली तर विसरा, कारण वरच्या साहेबांचा आधीच विरोध होता की या बायका खाकी नेसून हसं करून घेतील.

आणि इथे घोडं पेंड खायला लागलं. जाऊबाईंना संचलन जमेना. सरळ चालताना त्या ठीक चालायच्या, ढोलावर डावा पाय बरोबर पडायचा. पण 'दाहिने देख' म्हटलं की मान उजवीकडे वळवायची असते आणि पाय चालूच ठेवायचे असतात. जाऊबाईंची मान वळली की पाय बदललाच. दर वेळी. एक छोटी उडी घेतल्यासारखं व्हायचं, आणि तिथून पुढे सगळ्यांचा डावा तेव्हा यांचा उजवा. आम्ही सगळे उपाय केले. त्यांनी गच्चीवर एकटीने सराव केला. पापड वाळत घातलेल्या चादरींमधून मान वाकडी करून ही बाई चालतेय आणि मी खालून "बाएं, बाएं" ओरडतेय! शेजारच्या अम्मांनी एकदा विचारलंसुद्धा, मानेला काय झालं म्हणून. पण मैदानावर आलं की पुन्हा तेच.

उस्ताद मला बाजूला घेऊन म्हणाले, "बडी बाई कू निकालो जी." मी म्हटलं, विसर्जनाला सगळ्यांत जास्त त्याच टिकल्या होत्या. ते म्हणाले, "वो काम अलग, ये परेड अलग. परेड देखने की चीज है." मग थोडं थांबून म्हणाले, "कमांडर तुम हो. रखना तो रखो. बिगडा तो तुम्हारे सर."

त्याच दिवसांत घरी आणखी एक गोष्ट ठरत होती. थोरले भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, एका सरकारी कारखान्यात होते. कारखाना आतून पोखरला होता. लोकांना पैसे देऊन आपणहून घरी बसा म्हणत होते, आणि भाऊजींनी ते पत्करलं. घरी बसून त्यांना दोन महिने झाले नाहीत तोच त्यांनी दिलसुखनगरला एस.टी.डी.चा बूथ घ्यायचं ठरवलं. कल्पना चांगली होती, तेव्हा गल्लोगल्ली ते पिवळे फलक लागत होते. फक्त बूथ सकाळपासून उघडा ठेवायचा, रविवारीसुद्धा. रविवारी तर जास्त, कारण रविवारी दर स्वस्त म्हणून लोक रांगा लावायचे. आणि बूथवर बसणार कोण, तर जाऊबाई. भाऊजी म्हणाले, "फेब्रुवारीपासून ते परेडबिरेड बंद. पुष्कळ झाली देशसेवा, आता घराची करा." मामंजी उठून देवघरात गेले. कारखाना गेलेल्या मुलाला बाप तरी काय बोलणार?

उस्तादांशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई तिळाचे लाडू वळत होत्या. मी मनात वाक्यं जुळवून गेले होते, की जाऊबाई, तुम्ही मैदानाच्या कडेला थांबा, तुमच्या गुडघ्यांनाही त्रास नको, वगैरे. त्यांनी वर न बघताच विचारलं, "मला काढायला आलीस ना?"

माझी सगळी वाक्यं उडाली. मी म्हटलं, "हो."

"उस्ताद म्हणाले?"

"उस्ताद म्हणाले, पण ठरवायचं माझ्यावर आहे."

त्यांनी हातातला लाडू ताटात ठेवला. "मग ऐक, धाकटे. मी काही बूथवर बसायला नाही म्हणत नाही. तुझ्या भाऊजींचं खरं आहे, घर चालायला हवं. जन्मभर बसते त्या काचेच्या खोक्यात. पण हे एक मला करू दे. मी लग्नानंतर या घरात आले ती चालत आले नाही, टांग्यातून आले. त्यानंतर जिथे गेले तिथे कुणाच्या तरी मागून गेले. एकदा त्या मैदानावरून सगळ्यांच्या देखत चालू दे. एकदाच. पुन्हा मी तुझ्याकडे काही मागणार नाही."

मला राग आला. कुणाचा, ते तेव्हाही कळलं नाही. भाऊजींचा, उस्तादांचा, त्या वरच्या साहेबाचा, ज्याला बायकांच्या खाकीचं हसू येत होतं. मी म्हटलं, "आणि पाय बदलला तर? पुढच्या वर्षी कुणालाच बोलावणार नाहीत. त्या शिलाईवालीनं काय पाप केलंय?"

"नाही बदलणार."

"रोज बदलतो!"

"नाही बदलणार म्हणते ना!" त्यांनी ताटावर हात आपटला, लाडू फुटला, आणि मग आम्ही दोघी त्या फुटलेल्या लाडवाकडे बघत बसलो. शेवटी मी म्हटलं, "बरं. पण सराव चुकवायचा नाही." फुटलेला लाडू उचलून त्यांनी माझ्या तोंडात कोंबला.

मी उस्तादांना सांगितलं की बडी बाई राहणार. त्यांनी खांदे उडवले. तुकडीतल्या बायका ऐकत होत्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, त्यांना हे आवडलं नाही. साहजिकच होतं, एकीपायी सगळ्यांचं पुढचं वर्ष जाणार होतं, आणि ती एक कमांडरची जाऊ. कुणी तोंडावर बोललं असतं तर मी भांडले असते. पण कुणी बोललं नाही, आणि मला ते जास्त लागलं.

सव्वीस जानेवारीला मैदानावर धुकं होतं. आमच्या पुढे पोलिसांच्या तुकड्या, मागे शाळेची मुलं. भाऊजी आले नव्हते, बूथचा फलक रंगवून घ्यायला गेले होते. मामंजींना मात्र डॉक्टरांनी पास दिला होता, ते कुठेतरी मंडपात बसले होते. जाऊबाई तिसऱ्या रांगेत डावीकडे. मी जाऊन त्यांची टोपी सरळ केली. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं रामरक्षा म्हणतायत, तर त्या "बाएं, दाएं, बाएं" म्हणत होत्या.

कमांडरची एक गंमत असते. तो सगळ्यांच्या पुढे एकटा चालतो. हुकूम त्याचा, पण मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि मान वळवून बघता तर येतच नाही. मी निघाले. बँड वाजत होता, पाय आपोआप पडत होते. मंच जवळ आला. मी पोटातून ओरडले, "दाहिने देख!" आणि सलाम ठोकला. राज्यपाल उभे होते, मला त्यांच्या कोटाचं बटण दिसत होतं, चेहरा नाही. सगळं लक्ष पाठीत. मागे कॅनव्हासच्या बुटांचा आवाज तो केवढा, आणि बँड केवढा! काही कळेना. चूक झाली असेल तर लोक हसतील, असं वाटून मी हसण्याचा आवाज ऐकू येतो का बघत होते. मंडपातून टाळ्या आल्या. तशा सगळ्यांनाच येत होत्या. "सामने देख" म्हणेपर्यंत माझ्या गळ्यात आवाज उरला नव्हता.

मैदानाच्या टोकाला तुकडी सुटली. मी वळले आणि सरळ शिलाईवालीला गाठलं, ती जाऊबाईंच्याच रांगेत होती. "बदलला का पाय?"

"किसका?" ती म्हणाली.

"कुणाचा काय विचारतेस! जाऊबाईंचा!"

तिने इकडेतिकडे पाहिलं. जाऊबाई लांब नळावर पाणी पीत होत्या. मग ती हळूच म्हणाली, "बदला बाजी. हमेशा के जैसा. तो हम सब बदल लिये."

मला अर्थच लागेना. मग त्या मास्तरणीही जवळ आल्या, दोघी जावा आल्या, आणि एकेकीने सांगितलं. मी जाऊबाईंना ठेवलं त्या दिवसापासून या सगळ्या शनिवारी दुपारी शिलाईवालीच्या अंगणात जमत होत्या. जाऊबाईंना आणि मला वगळून. जाऊबाईंचा पाय 'दाहिने देख'लाच बदलतो, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. तेव्हा 'दाहिने देख' ऐकलं की एक ठोका सोडायचा आणि सगळ्यांनी मिळून पाय बदलायचा, असा त्यांनी सराव केला. आज तसंच केलं. म्हणजे राज्यपालांसमोरून तुकडी गेली ती एका पायावर, अगदी रेघ मारल्यासारखी. आणि तिच्या पुढे, हात कपाळाला लावून, कमांडर एकटी दुसऱ्या पायावर.

"मेरेकू क्यों नै बोले?" मी एवढी चिडले होते की त्या पोरीशी तिच्याच बोलीत बोलायला लागले.

"तुम कमांडर थे. बोले तो मना करते थे," ती म्हणाली. "और तुमकू पीछे दिखता नै ना."

उस्ताद आले. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बँडवालों कू भी मिला लेते तो कोई गलती नै रहती थी." आणि निघून गेले. मला वाटतं ते हसत होते, पण पाठ होती, खात्रीने सांगता येत नाही.

पुढचं इथेच सांगून टाकते. दातांच्या डॉक्टरांना मंडपातून फक्त एवढंच दिसलं की बायका छान चालल्या. मंचावरच्या साहेबांनी पाय पाहिलेच नसावेत. आमच्या तुकडीला पुढच्या वर्षी बोलावलं आणि त्याच्या पुढच्याही. नंतर मोठमोठ्या इमारतींना पगारी रखवालदारणी लागायला लागल्या तशा एकेक बायका तिकडे गेल्या, आणि फुकट उभ्या राहणाऱ्या बायकांची तुकडी आपोआप संपली. शिलाईवालीही गेली. मी कुणाला बोल लावला नाही. जाऊबाई त्या फेब्रुवारीपासून बूथवर बसल्या आणि मैदानावर पुन्हा कधी आल्या नाहीत.

पण त्या सकाळी त्या नळावरून पदराने तोंड पुसत आल्या. आल्या म्हणजे जवळजवळ धावत आल्या. चेहरा लाल, डोळे भरलेले. "बघितलंस? बघितलंस ना? नाही बदलला! म्हटलं नव्हतं? उजवीकडे पाहिलं, पुढच्या रांगेत पाहिलं, सगळ्यांचा तोच पाय आणि माझाही तोच!" आणि मग एकदम त्यांचा आवाज उतरला. त्यांनी माझा हात धरून मला बाजूला घेतलं. "पण धाकटे, तुझा गं? एवढं एन.सी.सी. करून तुझाच पाय कसा चुकला?"

बायका सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. नवऱ्याचं नाही, मामंजींचं नाही, आणि चूक नसताना तर देवाचंही नाही.

"घाबरले हो, जाऊबाई," मी म्हटलं. "चुकला."

"असू दे." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पुढे एकटं चालायचं म्हणजे होतं असं. घरी कुणाला कळू द्यायचं नाही. मी बघते."

घरी पोचलो तेव्हा भाऊजी फलक रंगवून येऊन बसले होते. मामंजी मंडपातून आमच्या आधीच पोचले होते, पण त्यांचा चष्मा दूरचा नव्हताच. भाऊजींनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, "काय, झाली का परेड? कुणी चुकलंबिकलं का?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई उंबऱ्यावर बसल्या आणि बुटाची नाडी सोडायला लागल्या.

"छे," त्या म्हणाल्या. "आमच्यात कुणाचा पाय चुकत नाही."